भिंतीवरचं पाखरू: आपलं की दुश्मनाचं?

लालासाहेबांना पतंगांचे फोटो काढायचा नाद लागला, याचा सगळा दोष सरकारचा होता. सरकारने एका माणसाला अर्धे आयुष्य आकाशाकडे बघायला लावले आणि एक दिवस पेन्शन देऊन मलकापूरला पाठवून दिले. मलकापूरच्या आकाशात बघण्यासारखे काही नव्हते. कधीमधी ढग यायचे, पण तेही कराडला पडायचे.

लालासाहेब विमानविरोधी तोफखान्यात हवालदार होते. तिथे एका तक्त्यावर विमानांच्या काळ्या आकृत्या काढलेल्या असत. उस्ताद एकेकीवर छडी ठेवायचा आणि जवानांनी डोळ्याचे पाते लवायच्या आत ओरडायचे, ‘आपलं!’ किंवा ‘दुश्मनाचं!’ तिसरे उत्तर नव्हते. ‘जरा जवळ आल्यावर सांगतो’ म्हणणाऱ्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावत. लालासाहेब त्यात तरबेज होते. सरहद्दीवर एकदाच काय ते त्यांनी एका घारीला ‘दुश्मनाचं!’ म्हणून सगळी तुकडी खंदकात उतरवली होती. ही गोष्ट त्यांनी लग्नानंतर मोठ्या विश्वासाने बायकोला सांगितली, आणि तेव्हापासून चंद्राबाईंना कुठल्याही वादात दुसरा मुद्दा मांडावा लागला नाही.

तर अशा या माणसाच्या परसात अळू होते, कर्दळ होती, शेवगा होता आणि शेजारच्या जोतीराम आबांशी सामाईक असलेली एक भिंत होती. कोयनेच्या भूकंपात तिला उभी चीर गेली होती. ती कुणी बुजवायची हे दोन्ही घरांनी सौजन्याने एकमेकांवर सोपवले होते. संध्याकाळी परसातला दिवा लागला की पतंग यायचे आणि सकाळी त्या भिंतीच्या चुन्यावर पंख पसरून निवांत बसलेले असायचे. एका सकाळी दात घासता घासता लालासाहेबांची नजर तिकडे गेली. पंखांची ती ठेवण, तो मागे झुकलेला कोन. तोंडात राखुंडी असूनही ते ओरडले, “दुश्मनाचं!”

“घार आसंल,” चंद्राबाई आतून म्हणाल्या.

त्याच दिवशी मोहीम ठरली. परसातल्या प्रत्येक पतंगाचा फोटो काढायचा, नाव शोधायचे, आणि पलटणीत होता तसा एक तक्ता करायचा. कॅमेरा होता. पलटणीच्या कँटीनमधून आणलेला डबा कॅमेरा. लालासाहेबांनी भिंतीला नाक लावून सगळा रोल संपवला आणि तो धुवायला कराडला आकारामच्या स्टुडिओत दिला.

आकाराम लग्नाचे फोटो काढायचा आणि हाताने रंगवायचा. काळ्यापांढऱ्या नवरीचे गाल तो असे गुलाबी करी, की कित्येक नवऱ्यांना घरी गेल्यावर फसवल्यासारखे वाटे. देवीचे वण, तीळ, चामखीळ तो अशी खरवडून काढी, की माणूस फोटोत निराळाच दिसे आणि खूश होऊन जाई. फोटो न्यायला गेलेल्या लालासाहेबांना त्याने बाजूला घेतले.

“हवालदार, भिंत झकास आलीया. पर केस कुणासंगं हाय?”

“कसली केस?”

“हद्दीची. एकाच भितीचं इतकं फोटू कोन उगंच काढतंय व्हय? म्हंजी मला सांगू नका पायजे तर.”

“आकाराम, नीट बघ. प्रत्येक फोटोत मधोमध एक पतंग आहे.”

आकारामने भिंग लावून पाहिले. “ह्यो ठिपका? आरं तिच्या! मला वाटलं डाग पडलाय. दोन-चार फोटूंतनं खरवडून काढला बी म्या. एकदम सफा भीत करून दिलीया.”

डबा कॅमेऱ्याला हाताच्या अंतरावरचे काही दिसत नाही, हे लालासाहेबांना तेव्हा कळले. पण त्याआधी मलकापूरला एक निराळीच गोष्ट कळली होती. ते एस.टी.तून उतरायच्या आतच ‘हवालदार भिंतीची केस घालणार’ ही बातमी गावात पोचून, चहा पिऊन, दुसऱ्या आळीला निघाली होती.

जोतीराम आबा सत्तरीचे. पांढरे धोतर, पांढरा सदरा आणि केशरी फेटा, त्याचा शेमला पाठीवर सोडलेला. गावात साखर कारखान्याचे शेअर घेणाऱ्या पहिल्या माणसांतले ते एक. आयुष्य उसात गेले. उसात कुठे पोंगा, म्हणजे शेंड्याची कोवळी सुरळी, वाळलेला दिसला, की धोतर खोचून आत शिरायचे, तो उपटायचे, आतली अळी काढून चिरडायचे आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. लालासाहेबांशी त्यांनी बोलणे सोडले. दुसऱ्या दिवशी भिंतीच्या माथ्यावर बरोब्बर मधून डांबराचा पट्टा ओढलेला होता. तिसऱ्या दिवशी आबांच्या अर्जावरून तलाठी आला.

तलाठ्याने भिंत मोजली, चीर मोजली, चहा घेतला. लालासाहेबांनी त्याला पतंग दाखवला. तो नेमका डांबराच्या पट्ट्यावर, एक पंख इकडे आणि एक तिकडे टाकून बसला होता. तलाठी सरळ मनाचा माणूस. त्याने पंचनाम्यात लिहिले : ‘भिंत जागेवर आहे. भिंतीवर एक पाकोळी आहे. पाकोळी दोन्ही हद्दींत बसलेली असल्याने सध्या मालकी सांगता येत नाही.’ आणि खाली दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या.

सही करता करता आबा थांबले. “म्हंजी तू खरंच पाखराचं फोटू काढतुयास?”

“व्हय आबा.”

“कशापायी?”

“ओळखायला. आपलं की दुश्मनाचं.”

आबांनी डांबराच्या पट्ट्याकडे बघितले. “मग आसं आदी सांगायचं की रं! मी डांबर वाया घालवलं.”

त्या दिवसापासून मोहिमेला दुसरा शिपाई मिळाला. आबा भल्या सकाळी भिंतीच्या पलीकडे बाज टाकून बसायचे आणि हाळी द्यायचे, “लाला, पळ रं! तपकिरी गडी आलाय, पाटीवर नक्षी हाय!” लालासाहेबांनी आपल्या वाचायच्या चष्म्याची एक काच काढून कॅमेऱ्याच्या डोळ्यावर मेणाने बसवली होती. त्यामुळे जवळचा पतंग आता कॅमेऱ्याला स्वच्छ दिसू लागला, पण लालासाहेबांना दिसायचा बंद झाला. तेव्हा नेम आबा धरायचे. “डावीकडं घे. लय झालं. उजवीकडं. आरं माझ्याकडं नगं, पाखराकडं धर की!”

शास्त्राच्या बाबतीत मात्र दोघांचे कधी जमले नाही. लालासाहेब पंखांचा कोन बघायचे, मिशा बघायचे, बसायची ढब बघायचे. आबा एकदाच बघायचे आणि निकाल द्यायचे, “आपलं हाय.”

“आबा, आवं, बघितलं कुठं तुम्ही अजून?”

“बघायचं काय त्यात? आपल्या भितीवर येऊन बसलंय न्हवं? मग आपलंच.”

“असं पलटणीत म्हटलं असतं तर बाँब पडला असता डोक्यावर.”

“पडला आसता. पर ह्यातल्या एकानं तरी टाकलाय का आजवर?”

लालासाहेब तक्त्यावर ‘दुश्मनाचं’ लिहायचे आणि दुपारी, आबा झोपलेले बघून, पुढे प्रश्नचिन्ह काढायचे.

एकदा रोलमधला एकच फोटो उरला होता. लालासाहेब म्हणाले, “आबा, बसा नीट. तुमचा काढतो.”

आबा हसले. “माझा? मी काय उडून चाललोय व्हय? पाखरू उडंल. त्याचा काढ.”

म्हणून पाखराचा काढला.

उन्हाळ्यात एका दुपारी आबा जेवून बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. रडारड झाली, पाहुणे आले, फेटा उशाशी तसाच राहिला. चार दिवसांनी लालासाहेब बसायला गेले तेव्हा बनुबाई काकी, आबांच्या मालकीण, जात्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी वर बघितले.

“लालासाब, आमच्या घरात ह्यांचा एक बी फोटू न्हाई रं. लगनात काढला न्हाई, म्होरं कुनाला सुचलं न्हाई. पाकोळ्यांचं ढीगभर काढलंस. त्यातनं एक माझ्या मानसाचा काढला आसतास तर काय झालं आसतं?”

त्या रागावून बोलल्या असत्या तर लालासाहेबांना बरे वाटले असते. त्या नुसत्या विचारत होत्या.

घरी येऊन त्यांनी सगळे फोटो अंथरले. कुठल्या तरी कोपऱ्यात आबा आलेच असतील. पतंग, पतंग, चीर, पतंग. एका फोटोत, अगदी कडेला, पतंगाकडे रोखलेले एक बोट निघाले. आबांचे. नख काळे पडलेले. लालासाहेब ते बोट हातात घेऊन बसले. बोट मोठे करून मिळाले असते, पण विधवेच्या हातात नवऱ्याचे नुसते बोट कसे द्यायचे, हे पलटणीत शिकवलेले नव्हते.

“आवं, जेवून घ्या,” चंद्राबाई म्हणाल्या. घारीचा विषय त्यांनी काढला नाही. त्यावरून परिस्थिती किती गंभीर आहे हे लालासाहेबांना समजले.

दहाव्याला, रीतीप्रमाणे, आबांचा जीव जिथे गेला तिथे दिवा लावून शेजारी पीठ पसरले आणि वर बांबूची पाटी झाकून ठेवली. सकाळी पाटी उचलायची आणि पिठावर जे पाऊल उमटले असेल त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेला ते ओळखायचे. सकाळी सगळी भावकी जमली. आबांच्या मुलाने, हंबीररावने, पाटी उचलली. पिठावर काहीतरी फरकाटे होते. भावकीत लगेच दोन तट पडले. एकाला गाईचे खूर दिसले. दुसऱ्याला मोर दिसला. भामाबाई नावाच्या लांबच्या आत्या म्हणाल्या, “बोकड हाय.” त्यांचे आणि आबांचे हयातीतही पटत नव्हते.

एवढ्यात हंबीररावच्या हातातल्या पाटीकडे कुणाचे तरी लक्ष गेले. पाटीच्या आतल्या अंगाला एक पाखरू बसले होते. पांढरेशुभ्र, परीटघडीचे. आणि पंखांच्या मागे, शेवटाला, केशरी झुपका.

हंबीररावने पाटी जरा उजेडाकडे कलवली.

“शेमला,” हंबीरराव हळूच म्हणाला.

बनुबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला. मग त्या लालासाहेबांकडे वळल्या. “आता तरी काढ की रं बाबा.”

लालासाहेब हल्ल्याचा बिगुल ऐकल्यासारखे धावले. कॅमेरा आणला. चष्मा कॅमेऱ्याला, डोळ्यांपुढे धुके, आणि नेम धरायला आबा नाहीत. हंबीरराव हुंदके देत सांगत होता, “डावीकडं घ्या, हवालदार. आबा उजवीकडं सरकलं.” कळ दाबली. पाखरू उडाले, आढ्याला एक फेरी घातली आणि दारातून उसाच्या दिशेने गेले. सगळ्यांनी हात जोडले. आबा रोज सकाळी तिकडेच जात असत.

आकारामने त्या फोटोवर जीव ओतला. झुपका अगदी आबांच्या फेट्याच्या केशरी रंगात रंगवला आणि कपाळ असावे अशा ठिकाणी तांबडे गंध लावले.

“पतंगाला गंध?” लालासाहेब म्हणाले.

“गेलेल्या मानसाचा फोटू गंधाबिगर म्या आजवर दुकानाभाईर सोडला न्हाई.”

फोटोला चौकट आली, चंदनाचा हार आला. येणारा-जाणारा समोर थांबून म्हणायचा, “हुबेहूब आबा.” बनुबाई रोज त्याच्यापुढे दिवा लावायच्या आणि घरचे कायबाय सांगायच्या. लालासाहेबांच्या छातीवरचा दगड हलला. आता फक्त नाव शोधायचे राहिले होते. कारण नाव नसलेला पतंग तक्त्यावर लावायचा नाही, असा नियम त्यांनी स्वतःच केला होता.

नाव सांगलीला सापडले. तासगावच्या मेव्हण्याने शेतकी प्रदर्शन बघायला बोलावले होते. बेदाण्याचे नमुने, नवे ट्रॅक्टर, एक प्रचंड भोपळा असे करत लालासाहेब आणि चंद्राबाई उसाच्या मांडवात आले. समोर एक मोठा रंगीत तक्ता होता. वर ठळक अक्षरांत ‘उसाचे शत्रू : ओळखा आणि नष्ट करा’. आणि त्याखाली, पहिल्या रांगेत, जोतीराम आबा.

शंकाच नव्हती. पांढरेशुभ्र पंख, केशरी झुपका. अंगावर तांबडी फुली मारलेली. खाली लिहिले होते : ‘शेंडे कीड. हिची अळी पोंग्यात शिरून शेंडा मारते.’ आणि मग, माणसाच्या उरल्यासुरल्या इभ्रतीचाही विचार न करता, कंसात : ‘मादी’.

लालासाहेब तक्त्यासमोर सावधानमध्ये उभे राहिले. ज्या अळीला शिव्या घालण्यात आबांची हयात गेली, ती लालासाहेबांनी स्वतः आबांच्याच घरात चौकटीत बसवून दिली होती. चंदनाचा हार घालून. पलटणीचा कायदा स्पष्ट होता. दिसलेला दुश्मन लपवणे हा गुन्हा. आणि हा तर ओळखून, रंगवून, भिंतीवर टांगलेला दुश्मन. त्यांना बनुबाईंचा दिवा आठवला, तो लावताना त्या जे पुटपुटतात ते आठवले.

चंद्राबाईंनी तक्ता वाचला. मग नवऱ्याकडे बघितले.

“ही घार न्हाई,” लालासाहेब क्षीण आवाजात म्हणाले.

“न्हाई,” चंद्राबाई म्हणाल्या. “गावात काय बोलायचं न्हाई. चला, ऊन लागंल.”

पण तोंड बंद ठेवून भागत असते तर सरकारी खाती कशाला निघाली असती? पंधरवड्याच्या आत त्याच तक्त्याची गुंडाळी साखर कारखान्यामार्फत गावच्या सोसायटीत येऊन पडली. लालासाहेब सेक्रेटरी धनाजीकडे गेले आणि तक्ता लावू नकोस म्हणाले. धनाजीने वरून आलेला हुकूम दाखवला : तक्ता दर्शनी भागी लावावा, न लावल्यास कारण लेखी कळवावे.

“मग कळव की.”

“काय कळवू? ‘सदर तक्त्यावर गावातील एक मयत सभासद शत्रू म्हणून दाखवण्यात आले आहेत’ आसं?”

दोघांनी ते वाक्य शब्दाशब्दाने तपासले. त्यात चूक काहीच नव्हती, पण त्यामुळे धनाजीची नोकरी राहिली नसती. तक्ता लागला. हंबीररावने तो येऊन वाचला, टोपी सारखी केली आणि परत गेला.

आणि मग एका सकाळी बनुबाई म्हशीची पेंड न्यायला सोसायटीत आल्या. ओट्यावर पाच-सहा माणसे होती, लालासाहेब होते. बनुबाई तक्त्यासमोर थांबल्या. वजनकाट्याचे पारडे तेवढे हलत राहिले.

“ह्ये आमचं ह्येच न्हवं का रं धनाजी?”

“व्हय काकी,” धनाजी म्हणाला. दुसरे काही बोलायची सोयच नव्हती.

“कारखान्यानं छापलं व्हय?”

“कारखान्यानंच.”

बनुबाईंचे डोळे भरून आले. “पयल्यापासनंचं सभासद. जानीव ठिवली म्हनायची मानसांनी.” त्यांनी तक्त्याला हात लावून तो कपाळाला नेला. मग बारकाईने बघत म्हणाल्या, “गंध तेवढं लय मोटं लावलंय.” आणि पुढे, “वर ह्ये काय लिवलंय?”

ओट्यावरच्या शिकलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग एकमताने लालासाहेबांकडे. पलटणीत परीक्षा दिलेला माणूस तोच. लालासाहेबांनी तक्त्याकडे पाहिले. अक्षरे हाताएवढी मोठी होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पटकन उत्तर देता येईना. मग ते सावकाश म्हणाले, “दिसंना, काकी. चष्मा कॅमेऱ्याला लावलाय.”

“मग तू वाच की, धनाजी.”

“माझं डोळं आल्यात, काकी.”

बाकीच्यांनाही आपापली कामे आठवली. त्या एका तक्त्यापुरते सगळे गाव त्या दिवशी निरक्षर झाले, आणि पुढेही तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी धनाजीने ‘शत्रू’वर खताच्या गाडीची नोटीस डकवली. ‘मादी’वर कुणीतरी चुन्याचे बोट पुसले. कुणी ते कळले नाही, पण भामाबाई त्या दिवशी सोसायटीकडे आल्या होत्या एवढे खरे.

पुढचा पेच हंबीररावचा होता. उसात पोंगे वाळायला लागले होते. तो भिंतीपाशी आला.

“हवालदार, औशध मारायला पायजे. पर पंप पाटीवर घेतला की हात उचलंना. बापावरच मारायचं व्हय?”

तेवढ्यात पलीकडून बनुबाई आल्या. त्यांनी ऐकले असावे.

“मार की,” त्या म्हणाल्या. “ऊस वाळला तर त्यास्नी आवडंल का? फकस्त बांधाकडची एक सरी सोड. औशधाचा वास लय वाईट. त्यास्नी बसायला जागा नगं?”

त्या वर्षी हंबीररावने सगळा ऊस फवारला आणि बांधाकडची एक सरी सोडली. त्या सरीतला एकही शेंडा वाचला नाही. बनुबाई ती बघून येत आणि समाधानाने सांगत, “हायत. तितंच हायत.”

लालासाहेबांचा तक्ता तयार झाला, एक जागा सोडून. मधोमध एक कोरी चौकट होती. तिच्या कडेला त्यांनी बोटाचा तो फोटो चिकटवला होता. बोट कोऱ्या जागेकडे रोखलेले होते. त्यांनी तिथे कितीदा तरी पेन टेकवले. खरे ते लिहावे तर हात वळेना, खोटे लिहावे तर उस्तादाची छडी दिसे.

एका संध्याकाळी परसातला दिवा लागला. लालासाहेब अळूला पाणी घालत होते. भिंतीवर, डांबराच्या फिकट झालेल्या पट्ट्याजवळ, एक पांढरे पाखरू येऊन टेकले. त्याने पंख मिटले. केशरी झुपका दिव्यात चमकला. आत जाऊन कॅमेरा आणायला वेळ होता. चिरडायलाही होता.

पलीकडे बाज करकरली. आबांच्या जागी आता बनुबाई बसत.

“लालासाब,” त्यांनी हाळी दिली, “भितीवर कोन आलंय रं?”

लालासाहेबांनी पंखांचा कोन बघितला नाही, मिशा बघितल्या नाहीत. डोळ्याचे पाते लवायच्या आत ते म्हणाले,

“आपलं हाय, काकी.”